सात कोरड्या ओळी

रिज्ककाका गाडीवर वालाच्या उसळीवर जिरं भुरभुरत होते. रोज भुरभुरतात तसंच, तीन बोटांच्या चिमटीतून, उंचावरून. माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय गं ईनास, इज्बत शलबी गावात तुझं कपाशीचं बी उगवलं नाही म्हणे?" हनीन माझ्या कडेवर होती आणि दुसऱ्या हातात मी डबा पुढे धरला होता. तो हात तसाच राहिला. मागे रांगेत गिरणीच्या सकाळपाळीचे दोन कामगार उभे होते, त्यांतल्या एकाने घड्याळ बघितलं. "कोण म्हणालं?" मी विचारलं. "माझी बहीण दिलीय ना तिथे. काल आली होती. म्हणाली, अकरा दिवस झाले, जमिनीला नुसतं टक्कल पडलंय. मी म्हटलं, अगं आमच्या गल्लीतली पोर ती. तिचा बाप कापूस चिमटीत धरून गाव सांगायचा. ती कशाला मेलेलं बी विकेल?" मग डब्यात जवसाचं तेल सोडताना त्यांनी हात जरा सैल सोडला. "तेल जास्त घातलंय. चेहरा उतरलाय तुझा."

चार जिने चढताना तो एकच शब्द माझ्याबरोबर चढत होता. मेलेलं. काकांनी तो माझ्या बाजूने बोलताना वापरला होता, तरी वापरला होताच. हनीनने माझ्या ओढणीचं टोक तोंडात घातलं होतं आणि प्रत्येक पायरीला तिच्या हिरड्यांचा दाब खांद्याजवळ जाणवत होता, सातव्या महिन्यातला, दात येण्याआधीचा तो हट्टी दाब. माझा नवरा वगीह गिरणीत गेला होता. सूतकताई विभागात फोन लागला तरी ऐकू येत नाही, यंत्रांचा आवाज पाण्यासारखा फोनमधून वाहत राहतो, आणि त्या आवाजात मी काय सांगणार होते? डबा ओट्यावर ठेवला, उघडलासुद्धा नाही. दोन लंगोट, पाण्याची बाटली, भाकरीचा तुकडा पिशवीत टाकला आणि दार ओढून घेतलं. खाली आमच्या दुकानाचं शटर अजून बंद होतं. तिथे आधी शिलाई मशीन दुरुस्त करणारा बसायचा, ओल्या दिवसांत भिंतींना अजून त्याच्या तेलाचा वास येतो. वर वगीहने स्वतः रंगवलेली पाटी: 'प्रमाणित कपाशी बियाणे'. प्रमाणित या शब्दापाशी त्याचा अंदाज चुकला होता, शेवटची अक्षरं एकमेकांना चिकटून उभी आहेत, मायक्रोबसमध्ये बसलेल्या माणसांसारखी. दोन शुक्रवार तो शिडीवर होता. पाळी करून आलेला माणूस शिडीवर चढतो आणि खाली उभ्या बायकोला विचारतो, "सरळ दिसतंय का?" ते आठवलं आणि पाय शटरपाशी क्षणभर थांबले.

पुलाखालच्या थांब्यावर मायक्रोबस भरायला वेळ लागला. मी खिडकीशी बसले, हनीनला मांडीवर उभं केलं, आणि गाडी सुटायच्या आतच माझ्या मनात तपासणी सुरू झाली. मी तीन वर्षं बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम केलं, तपासणी हा माझा स्वभावच झालाय. गोण्या भिंतीला टेकल्या होत्या का? नव्हत्या, खाली फळ्या होत्या, भिंतीपासून वीतभर अंतर होतं. की त्या तीन दिवसांत, हनीनला ताप होता तेव्हा, कोणी सरकवल्या? दुकानाची मागची खिडकी मी लावली होती का? लावली असणार. असणार या शब्दावर मी स्वतःशीच अडखळले. आणि ती शंभर दाण्यांची चाचणी, ओल्या टॉवेलात गुंडाळून फ्रिजच्या वर उबेला ठेवलेली. सातव्या दिवशी मी मोजले तेव्हा अठ्ठ्याऐंशी दाण्यांना मोड होते. पण मोजताना हनीन रडत होती. साठाला की सत्तराला मी तिला उचलून घेतलं होतं आणि एका हाताने पुढे मोजलं होतं. पुन्हा मोजलं होतं का? पहिल्या मोजणीतले अठ्ठ्याऐंशी की दुसऱ्या? लेकराच्या रडण्याखाली एखादा आकडा सरकून जाऊ शकतो. गाडी कालव्याच्या काठाने धावत होती, बरमहात या पेरणीच्या महिन्याच्या शेवटचं ऊन पाण्यावर पडलं होतं, बरसीम चाऱ्याचं हिरवं रान कापून झालेल्या शेतांत बगळे चालत होते. बी विकायचा परवाना एका हंगामापुरता होता. उगवणीची एक लेखी तक्रार, आणि तो पुढे मिळणार नव्हता. पण खरं सांगायचं तर परवान्यापेक्षा मला त्या घरांची भीती वाटत होती. तेवीस घरं. त्यांनी तेलाच्या घाण्यावरची सरकी सोडून माझ्या गोण्या घेतल्या होत्या, एका बाळंतिणीच्या शब्दावर.

बाबा असते तर काय म्हणाले असते, असा विचार मी सहसा करत नाही, कारण ते फारसं काही म्हणत नसत. ते जिनिंगच्या कारखान्यात कापसाची प्रत ठरवायचे. मूठभर रुई घ्यायचे, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी हळू ओढायचे, तंतूंचा पदर उलगडायचा, आणि ते डोळे मिटायचे. नऊ-दहा वर्षांची असताना मी त्यांच्याबरोबर जायची, गाठींवर बसायची, नाकात रुईचे तंतू जायचे. शेवटच्या वर्षांत त्यांचे डोळे मिटायचे आणि कपाळावर आठी यायची. "एका गाठीत पाच वाण," ते म्हणायचे, "लांब तंतू आखूड तंतूच्या गळ्यात पडलाय. यातून सूत निघेल का? गोणपाट निघेल." गिरणीतल्या वगीहने मला लग्नानंतर तेच दुसऱ्या टोकाकडून सांगितलं, सूत तुटतं, पुन्हा जोडायचं, पुन्हा तुटतं. एका टोकाला बाबांची आठी, दुसऱ्या टोकाला वगीहची चरे पडलेली बोटं, आणि मधे शेतकरी, ज्याला घाण्यावरच्या ढिगातली सरकी मिळते आणि त्या ढिगात कोणकोणती गावं आहेत ते देवालाच माहीत. हनीन पोटात असताना, पाय सुजलेले असताना, मला अचानक वाटलं की या सगळ्याचं मूळ त्या ढिगात आहे आणि ते मला दिसतंय. शुद्ध वाणाचं, तपासलेलं, सीलबंद बी घरापर्यंत नेऊन द्यायचं, बस. एवढं सोपं दिसलं होतं. सुजलेल्या पायांच्या बाईला जसं सगळं जग सोपं दिसतं तसं.

इज्बत शलबीत मी महिन्यापूर्वी गेले होते, पहिल्यांदा बोलायला. हाजी मितवल्लींच्या बैठकीत. गावाचा निम्मा कापूस त्यांच्या भाऊबंदांच्या शेतांत होतो. बैठकीत सोळा-सतरा पुरुष, पाय दुमडून गाद्यांवर बसलेले, हातात काळ्या चहाचे छोटे पेले. त्यांनी मला बाशमुहंदिसा, म्हणजे इंजिनिअरबाई, म्हटलं. शेतकीची पदवी घेतलेल्याला आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात, त्यात विशेष काही नाही, पण प्रयोगशाळेत मला कोणी तसं म्हणत नव्हतं, तिथे मी नुसती "ए, तिसऱ्या टेबलवाली" होते. त्या हाकेने माझा कणा सरळ झाला. दाराशी उम्म मबरूक आल्या, म्हणजे मबरूकची आई, हाजींच्या बायको, रुंद हाडांच्या, काळ्या पायघोळ गलबियातल्या, आणि काही न विचारता त्यांनी माझ्या खांद्यावरून हनीनला उचललं. "तू बोल तुझं इंजिनिअरचं," म्हणाल्या, "हिला मी बघते. हिचे गाल बघ, आटवलेल्या सायीसारखे." आणि पडद्यामागे गेल्या. पडद्यामागून बायकांचं हसणं, पेल्यांची किणकिण, मग हनीनचं रडणं येत राहिलं. मी बोलत होते. वाण, तंतूची लांबी, किती खोल, किती अंतर. आणि हे, ठळकपणे, मला माझा स्वरसुद्धा आठवतो: "हे बी भिजवायचं नाही." सतरा माना हलल्या. हनीनचं रडणं वाढलं, मी शेवटची दोन वाक्यं घाईने बोलले आणि पडद्याकडे वळले. परत येताना मायक्रोबसमध्ये मी किती आनंदात होते. तेवीस घरं, पहिल्याच बैठकीत. कृतज्ञतेने माझे डोळे भरून आले होते, कोणाबद्दल ते कळत नव्हतं, बहुधा सगळ्यांबद्दल.

फाट्यावर उतरून टुकटुक रिक्षाने गावात पोचले. बैठकीचं दार उघडं होतं आणि दारातूनच मला माझ्या गोण्या दिसल्या. भिंतीला लावून एकावर एक, तोंडाला शिवलेली गुलाबी चिठ्ठी प्रत्येकीची माझ्याकडे. उघडलेली एकही नव्हती. पाटाचं पाणी गावात पाळीने येतं, मागच्या पाळीला वरच्या नऊ घरांनी पेरलं होतं, उरलेल्या चौदा घरांची पाळी उद्या होती, आणि त्या चौदा घरांनी गोण्या परत आणून ठेवल्या होत्या. अब्द अल-अज़ीम, वरच्या घरांतला, ज्याचं शेत पेरून झालं होतं, तो उंबऱ्यातच बसला होता. "या बाशमुहंदिसा," म्हणाला, "तुमची लेकरं तयार बसलीयेत. घेऊन जा घरी." कोणी हसलं नाही. त्याच्या गुडघ्यावर वहीचा फाडलेला कागद होता, वर पेन. हाजी मितवल्ली म्हणाले, "आधी तिला पाणी द्या. कडेवर लेकरू आहे." ते पाणी मी प्याले. आयुष्यात प्यालेल्या पाण्यांपैकी काही पाणी लक्षात राहतं, ते त्यांतलं एक. मी म्हटलं, "मला शेत बघायचंय." अब्द अल-अज़ीम म्हणाला, "बघा की. बघायला काही नाहीये, त्यामुळे वेळ लागणार नाही."

हाजींच्या शेतापर्यंत उम्म मबरूक माझ्याबरोबर आल्या, मागून त्यांची सून सबरीन, लाल ओढणीतली, थोडं अंतर ठेवून. हनीन पुन्हा त्यांच्याकडे गेली होती, मला कळलंही नाही कधी. वरंब्यांवर टोबणीच्या, बी खोचल्याच्या, खुणा एका ओळीत दिसत होत्या, वीतभर अंतरावर, आणि त्या खुणांवर काही नव्हतं. पाच-सहा टोबण्यांनंतर एखादं रोप, वाकडं, पानांवर टरफल अजून अडकलेलं. मी खाली बसले, बोट मातीत घातलं. माती चांगली होती, वाफसा चांगला होता. बोटाच्या टोकाला बी लागलं आणि मी ते बाहेर काढलं. फुगलेलं, तपकिरी, दाबलं तर आतून मऊ. नाकाशी नेलं. आंबूस. दुसरं काढलं, तिसरं. आणि मला स्वतःची लाज वाटली, कारण मला हायसं वाटत होतं. हे बी गोणीत मेलेलं नव्हतं. गोणीत मेलेलं बी कोरडं, सुरकुतलेलं राहतं, जसं गेलं तसं. हे जिवंत असताना बुडालेलं होतं.

"मावशी, किती वेळ भिजवलं?" मी विचारलं.

"भिजवतो तेवढंच," त्या म्हणाल्या. "दुपारच्या अज़ानला घातलं, दुसऱ्या दिवशी न्याहारीला काढलं. चाळीस वर्षं तसंच घालते. माझं एकटीचं नाही, या नऊ घरांचं मीच सांगते, कधी घालायचं, कधी काढायचं. आणि त्याआधी तीन पाण्यांनी धुतलं."

"धुतलं कशाला?"

"तो तुझा लाल रंग, पोरी. हाताला लागत होता. लेकराबाळांचं घर, म्हटलं काय लावून पाठवलंय कोण जाणे. पाणी पांढरं येईपर्यंत चोळलं. सबरीनच्या हातांना विचार."

तो रंग म्हणजे बुरशीचं औषध होतं, रोपाची पहिल्या दहा दिवसांची राखण. आणि घाण्यावरच्या सरकीला लव असते, दाट, बकरीच्या पिलासारखी, तिच्यातून पाणी आत शिरायला रात्र लागते, म्हणून भिजवायचं. माझ्या बियांची लव कारखान्यात काढलेली होती. उघड्या अंगाचं बी. त्याला पाण्यात रात्रभर ठेवणं म्हणजे. मी ते वाक्य मनातही पुरं केलं नाही, कारण समोर त्या हनीनला घेऊन उभ्या होत्या आणि तिच्या डोक्यावर त्यांनी आपल्या ओढणीची सावली धरली होती. आणि तेव्हाच बैठक माझ्या डोळ्यांसमोर आली, सतरा हललेल्या माना, सतरा पेले. त्यांतल्या एकाही माणसाने आयुष्यात बी भिजवलेलं नव्हतं. ते नांगरतात, पाणी देतात, औषध मारतात. बी भिजवणं, झाकणं, उकरून बघणं, ते बायकांचं. परातीशी बायका असतात. आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या सगळ्या पडद्यापलीकडे होत्या, माझ्याच रडणाऱ्या लेकीला खेळवत. मी स्वतः बाई. मला पडदा ओलांडायला तीन पावलं लागली असती. मी ती टाकली नाहीत, कारण पडद्याच्या अलीकडे मी बाशमुहंदिसा होते आणि पलीकडे मी हनीनची आई झाले असते. हे मी त्या दिवशी ठरवून केलं नव्हतं. पण न ठरवता केलेल्या गोष्टीच आपल्या जास्त असतात.

मग मी उठले आणि मला त्या ओळी दिसल्या. पाटाच्या कडेला, शेताच्या पार टोकाला, सात ओळी. टोबणीगणिक दोन-दोन रोपं, सरळ, पानं उघडलेली, एकसारखी हिरवी. मी चालत गेले, जवळजवळ धावत. एकाही ओळीत नांगी, रिकामी जागा म्हणून नव्हती. "आणि हे?" मी मागे वळून विचारलं. उम्म मबरूकनी डोळे बारीक केले. "हे आपसूक उगवलं असेल. पाटाच्या ओलीने." सबरीन बांधावर थांबली होती. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"ते मी," ती म्हणाली.

"तू काय?"

"परातीत सगळं मावलं नव्हतं. अर्धी गोणी उरली होती. तुम्ही म्हणालात, ती बादलीत घाल. मी... मालिका लागली होती. मग झोपले. सकाळी बघते तर तशीच कोरडी. तुम्ही म्हणाला असतात, हिला एक काम सांगायची सोय नाही. म्हणून तशीच नेली आणि या टोकाला टोबली. कोणी इकडे येत नाही म्हणून."

"मालिका," उम्म मबरूक म्हणाल्या. "बघ, उम्म हनीन, ही माझ्या मबरूकची निवड. एवढ्या मुली होत्या गावात. टीव्हीसमोर बसली की घराला आग लागली तरी ही म्हणेल, जाहिरात लागू दे."

"पण उगवलंय," सबरीन म्हणाली. आवाज लहान होता तरी मागे हटत नव्हता. "पाचव्या दिवशीच उगवलं. मी रोज बघून जायची. मनात ठरवलं होतं, उगवलं तर सांगू, नाही उगवलं तर गप्प बसू. मग हे उगवलं आणि तुमचं नाही उगवलं. मग तर सांगायची सोयच राहिली नाही, मामी."

उम्म मबरूक वाकल्या, हनीनला कमरेवर सरकवून, आणि एका रोपाच्या बुडाशी माती दाबली, त्याची गरज नव्हती तरी. त्यांच्या हाताचा मागचा भाग मला दिसत होता, शिरा, अंगठ्याच्या नखाखालची जुनी काळी रेघ. चाळीस वर्षं बरमहातात हे हात परातीत जात होते, दाणा दाताखाली धरून त्या सांगत असतील, आता काढा, आणि नऊ घरं काढत असतील. मला त्यांच्याकडे बघवेना. "म्हणजे मी बुडवलं," त्या म्हणाल्या, मातीकडे बघून. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, आणि ते खोटं नव्हतं: मी सांगितलं होतं, भिजवायचं नाही म्हणून. गोणीवर मागच्या बाजूला छापलेलंही होतं. सतरा साक्षीदार होते. बैठकीत जाऊन एवढं म्हटलं की परवाना वाचला, चौदा गोण्या परत आपापल्या घरी, अब्द अल-अज़ीमचा कागद त्याच्या खिशात. आणि ते सतरा जण घरी जाऊन म्हणतील, बायकांनी घाण केली. सबरीनला तर दोन्हीकडून बोल. ते उत्तर किती सोपं, किती गुळगुळीत होतं, लव काढलेल्या बियासारखं, ते मला आजही आठवतं. मला मोह झाला. उम्म मबरूकनी हनीनला माझ्याकडे दिलं नाही, तशाच गावाकडे चालू लागल्या, आणि तिच्या मानेखाली त्यांचा तळहात होता, डोकं डुगडुगू नये म्हणून, हनीनला या वयात त्याची फारशी गरज नव्हती तरी. त्या तळहाताने माझं काम सोपं केलं. मी मोठी कोणी नाही. तो हात तिथे नसता तर मी काय बोलले असते, ते मला माहीत नाही.

बैठकीत सगळे होते. मी उंबऱ्यातच उभी राहिले. "बी जिवंत आहे," मी म्हटलं. "पाटाच्या कडेला सात ओळी आहेत, जाऊन बघा. बाकीचं पाण्यात बुडालं. हे भिजवायचं बी नाही."

"ते तर तू आम्हाला सांगितलं होतंस," हाजी मितवल्ली सावकाश म्हणाले. त्यांना आठवत होतं. मला वाटलं होतं, आठवत नसेल.

"तुम्हाला सांगितलं, हाजी. तिथेच चुकलं. तुमच्यापैकी कोणी कधी बी भिजवलंय?"

एकाने चहाच्या तळाशी बघितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "अब्द अल-अज़ीमने एकदा वाल भिजवले होते, बायको माहेरी गेली तेव्हा. तेही नासले." मग मात्र हशा पिकला, आणि अब्द अल-अज़ीम हसला नाही, पण त्याचे कान लाल झाले. तो म्हणाला, "हसा. माझं शेत उघडं पडलंय. मी कागदावर काय लिहू, बाशमुहंदिसा? चूक कोणाची?"

"माझी लिहा," मी म्हटलं. "ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना मी सांगितलं नाही. दुकानात वेगळ्या राखीव गोण्या आहेत. नऊ घरांचं पुन्हा टोबायला त्या पुरतील. आज आणवते. पण कागद लिहायचा असेल तर लिहा, तो तुमचा हक्क आहे."

पडदा हलला आणि उम्म मबरूक आत आल्या. पुरुषांच्या बैठकीत, तोंड न झाकता, माझं लेकरू घेऊन, दाराच्या चौकटीइतक्या रुंद. हाजी मितवल्लींनी पेला खाली ठेवला. "लिहायचंच असेल तर नीट लिही, अज़ीम," त्या म्हणाल्या. "लिही, मितवल्लीच्या बायकोने धुतलं, चोळलं आणि बुडवलं. आणि खाली लिही की अर्ध्या गोणीला तिने हात लावला नाही, तेवढंच उगवलं. सरकार वाचेल आणि मला बक्षीस देईल." अब्द अल-अज़ीमने पेन टोपणात घातलं. कागद फाडला नाही, घडी करून खिशात ठेवला, आणि उठला. "ओळी बघून येतो," म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. ज्याचं शेत उघडं आहे त्याने आधी आपल्या डोळ्यांनी बघावं, हे बरोबर होतं. कागद त्याच्या खिशात राहिला, आणि त्याचं पुढे काय होणार हे मला त्या दुपारी माहीत नव्हतं.

"उद्या पाणी आहे," उम्म मबरूक हाजींना म्हणाल्या. "या चौदा गोण्या ज्याच्या त्याच्या घरी पोचवा. आणि कोणी परातीला हात लावायच्या आत मला तिथे पोचायला हवं." मग माझ्याकडे वळल्या. "आता मला सांग. पहिल्यापासून. हळू. मला चौदा घरी सांगायचंय."

मी स्वयंपाकघरात, चुलीपाशी बसून सांगितलं, आणि त्यांनी ऐकलं, मधेच थांबवून, उलट विचारून, सतरा जणांनी विचारलं नव्हतं ते सगळं विचारून. रंग कशाचा? कोंबडीने खाल्लं तर? दाणा दाताखाली धरू का नको? नको, मी म्हटलं, औषध आहे. "मग मला कळणार कसं, चांगलं आहे की नाही?" हा प्रश्न मला प्रयोगशाळेत कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, चिमटीत धरा, नखाने कापा, आत पांढरं आणि तेलकट दिसलं तर चांगलं. त्यांनी कापून बघितलं. सबरीनने कापून बघितलं. मग आम्ही निघालो.

पहिल्या घरी मी बोलले आणि उम्म मबरूक मान हलवत होत्या. दुसऱ्या घरी आम्ही दोघी बोललो. तिसऱ्या घरी त्यांनी माझं वाक्य मधेच घेतलं आणि स्वतःचं केलं. "हे बी घरून न्हाऊन, मेंदी लावून आलेलं आहे, बायांनो," त्या म्हणाल्या, "नव्या नवरीला कोणी पुन्हा परातीत घालतं का? तसंच नेऊन ठेवा, दोन बोटं खोल." त्या हसल्या, बायका हसल्या. सबरीन प्रत्येक घरी सात ओळींची गोष्ट सांगत होती आणि प्रत्येक घरी तिची मालिका थोडी लांबत होती. उम्म मबरूक तिला टोकत होत्या, पण थांबवत नव्हत्या. पाचव्या की सहाव्या घरी परात अंगणात भरून ठेवलेली होती, गोणी आत्ताच परत आली होती, तोंडाची शिवण अर्धी उसवलेली. ती बाई आम्हाला बघून दचकली. उम्म मबरूकनी परातीची एक कड धरली, तिला म्हणाल्या, "दुसरी तू धर," आणि दोघींनी ती हळूच कलती केली. पाणी मातीत पसरलं, कोंबड्या बाजूला झाल्या.

हनीनला भूक लागली होती. मी तिथेच बाहेर उंबऱ्यावर बसले, ओढणीखाली तिला घेतलं. तिच्या पिण्याबरोबर अंगभर ती ओढ पसरली, पायांच्या बोटांपर्यंत, आणि सकाळपासून पहिल्यांदा मी श्वास पुरा सोडला. आत उम्म मबरूक बोलत होत्या. त्या आता असं काही सांगत होत्या जे मी सांगितलं नव्हतं, की टोबताना वारा तोंडावर घेऊ नका, पाठीवर घ्या, रंग डोळ्यांत जाईल. बरोबर होतं ते. मला सुचलं नव्हतं. कोणीतरी आत विचारलं, "आणि ती कुठे गेली, ती बाशमुहंदिसा?" आणि उम्म मबरूक म्हणाल्या, "लेकराला पाजतीय. मला विचार की." मी उठले नाही.